हप्ता चुकत नाही, तबला बंद होतो

2020च्या उन्हाळ्यात ज्यांचे पगार कापले गेले, त्यांच्या घरी खर्चाची वही घेऊन बसायचा कार्यक्रम एकदा तरी झाला असेल. समजा, पगारात पंधरा हजारांची घट झाली. घराचा हप्ता अठ्ठावीस हजार, मुलाच्या तबल्याच्या क्लासची फी आठशे. बंद काय झालं? तबला. आठशे रुपयांनी पंधरा हजारांचं भोक बुजत नाही, हे तबला शिकणाऱ्या मुलालाही कळत होतं. पण हप्ता बँकेशी बांधलेला. तो थकला तर नोटीस येते, तबल्याचे सर काही नोटीस पाठवत नाहीत.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या विद्यापीठांनीही वह्या उघडल्या आणि तिथेही तबलाच बंद झाला. तिथे त्याची नावं होती कुस्ती, जलतरण, टेनिस, जिम्नॅस्टिक्स. कोट्यवधी डॉलरची तूट आणि कात्री मात्र सगळ्यांत स्वस्त खेळांना, हे कोडं तिथल्या लोकांनाही बराच काळ सुटत नव्हतं. ते उलगडायचं तर आधी त्या घरात कमावतं कोण आणि खातं कोण, ते बघावं लागतं.

कमावते दोन, पंगत मोठी

आपल्याकडे कॉलेजचा खेळ म्हणजे जिमखाना: फीमधला एक किरकोळ आकडा, कॅरमची दोन बोर्डं, वर्षातून एकदा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांना जाणारा संघ आणि प्रवासभत्त्यावरून होणारी कुरबुर. अमेरिकेतलं मोठं विद्यापीठ याच्या अगदी दुसऱ्या टोकाला असतं. आयोवा विद्यापीठाच्या किनिक स्टेडियममध्ये 69,000 माणसं बसतात. आयोवा सिटी या गावाची लोकसंख्या 75,000च्या आसपास.

आणखी एक फरक आहे. आपल्याकडे ऑलिंपिकच्या दर्जाचा खेळाडू पोसायचं काम रेल्वे, सेनादल, पोलीस करतात. पॅरिसमध्ये 2024 साली नेमबाजीत कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसाळे मध्य रेल्वेत नोकरीला होता. अमेरिकेत रेल्वेचं हे काम विद्यापीठं करतात. त्याच ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या पुरुष जिम्नॅस्टिक्स संघाला सोळा वर्षांनी सांघिक पदक मिळालं, आणि त्या संघातले पाचही जण विद्यापीठांच्या संघांतून आलेले होते. दोघे स्टॅनफर्डचे, दोघे मिशिगनचे, एक पेन स्टेटचा.

हा सगळा खर्च विद्यापीठाचा क्रीडा विभाग करतो. त्याचं अंदाजपत्रक वेगळं, प्रमुख वेगळा, कमाईही वेगळी. ही कमाई मुख्यतः दोन खेळांतून येते: अंडाकृती चेंडूचं अमेरिकन फुटबॉल आणि पुरुषांचं बास्केटबॉल. तिकिटं, गाड्या लावायचे पैसे, चांगल्या जागेसाठी दिलेली देणगी आणि सगळ्यांच्या वर टीव्ही. आयोवा ज्या ‘बिग टेन’ गटात खेळतं, तो गट महामारीआधी आपल्या जुन्या सदस्य विद्यापीठांना वर्षाला साडेपाच कोटी डॉलरच्या आसपास वाटत असे, त्यातला मोठा हिस्सा टीव्हीच्या करारांचा. या दोघांच्या कमाईवर बाकीचे वीस-बावीस संघ जेवतात. जुन्या एकत्र कुटुंबात मुंबईला गिरणीत असलेल्या एका भावाच्या मनिऑर्डरवर गावाकडचं अख्खं घर चालायचं, तसंच.

मग एवढ्या कमाईतून गाठीला काही उरत असेल? 2019 साली फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीतल्या सुमारे 130 विद्यापीठांपैकी क्रीडा विभागाची स्वतःची कमाई खर्चाहून जास्त असणारी फक्त 25 होती. बाकीच्यांची तूट विद्यापीठाचा मुख्य खजिना किंवा विद्यार्थ्यांच्या फीमधला वाटा भरून काढत होता. याचं कारण सोपं आहे. क्रीडा विभाग ही कंपनी नव्हे, नफा वाटून घ्यायला तिथे भागधारक नसतात. आलेला पैसा त्याच वर्षी मार्गी लागतो: शेजारच्या विद्यापीठानं प्रशिक्षकाला दहा दिले तर आपण बारा, त्यांनी नवी व्यायामशाळा बांधली तर आपण त्याहून चकचकीत. चांगल्या दिवसांत शिल्लक टाकायची सवयच नसलेल्या या घरावर मार्च 2020 उजाडला.

मनिऑर्डर थांबली

मार्च महिना अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेचा. आपल्याकडे आयपीएलच्या दिवसांत जे वातावरण असतं तसं. 12 मार्च 2020 रोजी राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेनं, म्हणजे एनसीएएनं, ही स्पर्धा रद्द केली. या संघटनेचं पोट मुख्यतः या एका स्पर्धेच्या टीव्ही हक्कांवर. त्या वर्षी ती पहिल्या विभागातल्या विद्यापीठांना 60 कोटी डॉलर वाटणार होती. दोन आठवड्यांत तिनं कळवलं की 22.5 कोटीच मिळतील, आणि तेवढे देतानाही स्पर्धा रद्द होण्यापोटी उतरवलेला विमा आणि राखीव निधी कामी आला.

हा पहिला धक्का. खरी भीती होती सप्टेंबरची, कारण फुटबॉलचा हंगाम तेव्हा सुरू होतो. 11 ऑगस्टला बिग टेननं हंगाम पुढे ढकलला. त्यानंतर दहा दिवसांनी, 21 ऑगस्टला, आयोवानं चार संघ बंद करत असल्याचं जाहीर केलं: पुरुषांचं जिम्नॅस्टिक्स, पुरुषांचं टेनिस, आणि जलतरणाचे पुरुष व महिला असे दोन्ही. अंदाज होता 10 कोटी डॉलर कमाई बुडण्याचा आणि 6 ते 7.5 कोटींच्या तुटीचा. चार संघ बंद करून वाचणार होते वर्षाला साधारण 50 लाख. पुन्हा तेच, आठशे रुपयांचा तबला.

पुढची गंमत अशी की 16 सप्टेंबरला बिग टेननं निर्णय फिरवला आणि ऑक्टोबरात फुटबॉल सुरूही झालं. प्रेक्षक नव्हते, पण टीव्ही होता. मनिऑर्डर उशिरा का होईना, आली. बंद केलेले चार संघ मात्र तेवढ्यानं परत आले नाहीत.

बांधलेला खर्च आणि मोकळा खर्च

हिशेबाच्या भाषेत खर्चाचे दोन प्रकार. एक बांधलेला, म्हणजे करारानं, कर्जानं किंवा कायद्यानं ठरून गेलेला. दुसरा मोकळा, म्हणजे आज ठरवलं तर पुढच्या वर्षी थांबवता येणारा. संकटात कात्री चालते ती मोकळ्या खर्चावर, मग तो कितीही लहान असो. कुणाचा खर्च मोठा आहे हा प्रश्नच त्या क्षणी निघत नाही. प्रश्न एवढाच असतो की कुणाचा थांबवता येतो.

फुटबॉलचा खर्च नखशिखान्त बांधलेला. किनिक स्टेडियमच्या उत्तरेकडच्या बाजूचं 8.9 कोटी डॉलरचं नूतनीकरण 2019 सालीच पूर्ण झालं होतं. बांधकामाचं कर्ज कोरोना ओळखत नाही. प्रशिक्षकांचे करार तर त्याहून घट्ट. करार संपण्याआधी काढलं तर उरलेल्या वर्षांचे पैसे मोजावे लागतात. महामारी ऐन भरात असताना, डिसेंबर 2020 मध्ये, ऑबर्न विद्यापीठानं आपल्या फुटबॉल प्रशिक्षकाला काढलं. ‘कामावर येऊ नका’ एवढं सांगण्याची किंमत होती सुमारे 2.15 कोटी डॉलर, त्यातली निम्मी महिन्याभरात द्यायची. ऑबर्ननं त्या वर्षी कुठला खेळ बंद केला नव्हता, तेव्हा त्यांना दुटप्पी म्हणता येणार नाही. पण आयोवाचे चार संघ बंद करून वर्षाला जे वाचणार होतं, त्याच्या चौपट पैसा एका माणसाला घरी बसवण्यासाठी निघू शकतो, एवढं या आकड्यावरून दिसतं.

जिम्नॅस्टिक्सच्या प्रशिक्षकाचा करार लहान, पगार त्याहून लहान. त्याच्या संघाच्या नावावर कर्ज नाही, टीव्हीचा करार नाही. तो मोकळा, म्हणून तो गेला.

शिवाय कुठल्याही विद्यापीठाला वाटेल तेवढे खेळ बंद करता येत नाहीत. फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत राहायचं तर किमान 16 खेळ चालवावे लागतात. एप्रिल 2020 मध्ये मध्यम ताकदीच्या पाच गटांनी हा नियम काही वर्षं शिथिल करा, अशी विनंतीच एनसीएएला केली होती. ज्यांच्याकडे 16हून बरेच जास्त खेळ होते त्यांना कापायला जागा जास्त होती. म्हणजे ज्यांनी आजवर हौसेनं जास्त पानं मांडली, त्यांच्याकडेच जास्त पानं उठवली गेली. सगळ्यांत मोठ्या पंगतींपैकी एक होती स्टॅनफर्डची.

गंगाजळी असून नळ कोरडा

8 जुलै 2020. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठानं 36 पैकी 11 खेळ शैक्षणिक वर्षअखेर बंद होणार असल्याचं सांगितलं: कुस्ती, पुरुषांचं व्हॉलीबॉल, पुरुष व महिला तलवारबाजी, स्क्वॉश, हॉकी, कलात्मक जलतरण, रोइंगचे दोन आणि शिडाच्या होड्यांचे दोन संघ. 240हून अधिक खेळाडू, 22 प्रशिक्षक. या अकरा खेळांनी मिळून 20 राष्ट्रीय विजेतेपदं आणि 27 ऑलिंपिक पदकं विद्यापीठाच्या नावावर केली होती.

ज्या विद्यापीठाचा कायम निधी तेव्हा 2,700 कोटी डॉलरहून मोठा होता, ते म्हणत होतं की पुढच्या तीन वर्षांत क्रीडा विभागाची तूट सुमारे 7 कोटी होईल, परवडत नाही. लोक भडकले ते यामुळे. एवढी गंगाजळी असून कुस्तीला पैसे नाहीत?

कायम निधी म्हणजे काय, हे मराठी वाचकाला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीवरून चटकन कळेल. मॅट्रिकला संस्कृतात पहिला येईल त्याला द्यायची म्हणून ठेवलेली ती रक्कम. मुद्दल मोडायचं नाही, व्याजातून शिष्यवृत्ती द्यायची. शाळेचं छप्पर गळतंय म्हणून त्या पैशाला हात लावता येत नाही, आणि गणितात पहिल्या आलेल्यालाही त्यातून दमडी मिळत नाही. विद्यापीठाचा कायम निधी म्हणजे अशा हजारो देणग्यांची मोळी. प्रत्येकीला वेगळी दोरी: ही कर्करोगाच्या संशोधनाला, ही चिनी इतिहासाच्या प्राध्यापकाला, ही अमुक गावच्या मुलांना. म्हणूनच स्टॅनफर्डनं उलटा हिशेब मांडला. हे अकरा खेळ कायमचे चालवायचे तर त्यांच्या नावानं 20 कोटी डॉलरहून अधिक मुद्दल हवं, असा.

हे स्पष्टीकरण खरं आहे, पण पूर्ण नाही. प्रत्येक मोठ्या निधीत काही भाग विनाअट असतो, आणि तो कुठे वापरायचा हे विद्यापीठच ठरवतं. ‘शक्य नाही’ आणि ‘प्राधान्य नाही’ यांतला फरक अशा पत्रकांत नेहमी पुसट होतो. शिवाय स्टॅनफर्डनं स्वतःच म्हटलं होतं की महामारी नसती तरी त्या वर्षी 1.2 कोटींची तूट येणार होती, महामारीनं ती दुपटीवर, 2.5 कोटींवर नेली. म्हणजे दुखणं जुनं, ताप फक्त 2020चा.

> चौकट: पत्रक उसनं, निर्णय परत
>
> सप्टेंबर 2020 मध्ये व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजनं सात खेळ बंद करण्याचं पत्रक काढलं. माजी विद्यार्थ्यांनी ते वाचलं आणि त्यातली वाक्यं ओळखीची वाटली. स्टॅनफर्डच्या जुलैतल्या पत्रकातला मजकूर त्यात उतरला होता. जिथे विद्यार्थ्याला कॉपीसाठी घरी पाठवतात, तिथलीच ही गोष्ट. साधारण महिन्याभरात क्रीडाप्रमुख पायउतार झाल्या, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सातही खेळ परत आले.

आपल्याच खानावळीत जेवलेला भाचा

आता या गोष्टीतला सगळ्यांत मजेदार, आणि माझ्या मते सगळ्यांत कमी बोलला गेलेला भाग. खेळ बंद केल्यानं खरोखर किती वाचतं?

एका खानावळवाल्यानं भाच्याला महिनाभर फुकट जेवू घातलं आणि वहीत लिहिलं, ‘भाच्यापायी खर्च, 120 रुपये ताट, 60 ताटं, 7,200 रुपये’. खरोखर त्याचे 7,200 गेले का? चूल पेटलेलीच होती, आचारी ठेवलेलाच होता. जास्तीचा खर्च झाला दोन पोळ्या आणि वाटीभर आमटीचा. भाचा नसता तर ते ताट दुसऱ्या गिऱ्हाइकाला गेलं असतं का, यावर सगळं अवलंबून. खानावळीबाहेर रांग असेल तर 7,200चं नुकसान खरं. बाकडी रिकामी असतील तर तो आकडा फक्त वहीतला.

विद्यापीठातली क्रीडा शिष्यवृत्ती ही अशीच भाच्याची थाळी. खेळाडूची फी माफ होते, आणि ती रक्कम क्रीडा विभाग विद्यापीठाला ‘देतो’. डाव्या खिशातून उजव्या खिशात. त्यातही त्या काळी पुरुषांच्या जलतरणाला 9.9 शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. हो, दशांशासकट. एका पूर्ण शिष्यवृत्तीचे तुकडे करून चौघांत वाटता येतात, म्हणून हा अपूर्णांक. संघात पोहणारे मात्र तीस असू शकतात.

समजा, फी वर्षाला 40,000 डॉलर. तीस मुलांची मिळून 12 लाख. शिष्यवृत्त्यांत माफ झाले सुमारे 4 लाख. उरलेले 8 लाख पालक भरतात, पण ते जमा होतात विद्यापीठाच्या खात्यावर, क्रीडा विभागाच्या नव्हे. प्रशिक्षक, प्रवास, तलाव यांवर समजा 7 लाख खर्च होतात. क्रीडा विभागाची वही दाखवते: खर्च 11 लाख, उत्पन्न शून्य. अख्ख्या विद्यापीठाची वही एकत्र धरली तर दिसतं: आत 8 लाख, बाहेर 7. एकच संघ एका वहीत ओझं आणि दुसऱ्या वहीत कमावता. आकडे मी समजुतीसाठी घेतलेत. राहण्याजेवणाचा खर्च धरला तर ते थोडे हलतील, रचना हीच राहील.

म्हणून एकाच निर्णयाचा अर्थ दोन ठिकाणी वेगळा होतो. स्टॅनफर्डबाहेर रांग आहे, 2020च्या सुमारास शंभर अर्जांतले पाचेक जण आत जात. तिथे जलतरणपटू आला नाही तर त्याच खुर्चीवर दुसरा कुणी बसतो. पण ज्या मध्यम विद्यापीठांत वर्ग भरताना दमछाक होते, तिथे टेनिसचा संघ बंद करणं म्हणजे फी भरणाऱ्या गिऱ्हाइकाला हात धरून उठवणं. कात्री मात्र दोन्हीकडे सारखीच चालली, कारण कात्री धरणाऱ्याच्या हातात फक्त क्रीडा विभागाची वही होती.

1972 सालचा कायदा मध्ये येतो

बंद झालेल्या खेळांत पुरुषांचे संघ जास्त का, याचं उत्तर ‘टायटल नाइन’ या 1972 सालच्या कायद्यात आहे. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगा-मुलगी भेद चालणार नाही, एवढंच तो म्हणतो. खेळांत त्याचं पालन दाखवायचे तीन मार्ग: विद्यार्थ्यांत मुली जितके टक्के तितक्याच खेळाडूंत, किंवा मुलींच्या संधी सतत वाढवत नेल्याचा इतिहास, किंवा मुलींना ज्या खेळांत रस आहे ते सगळे उपलब्ध. आता ज्यानं नुकताच मुलींचा एक चालू संघ बंद केला, तो दुसरा आणि तिसरा मार्ग दाखवणार कसा? उरतो पहिला, टक्केवारीचा. तिथे फुटबॉल आडवं येतं. एका फुटबॉल संघात शंभरावर मुलगे, आणि मुलींकडे त्याच्या तोडीचा संख्येनं मोठा खेळ नाही. तराजू सावरायला मग मुलांचे लहान खेळ उतरवले जातात.

‘मुलींच्या कायद्यानं आमची कुस्ती मारली’ ही तक्रार तिथे जुनी आहे. मला ती नेम चुकलेली वाटते. तराजूत शंभर किलोचा धोंडा फुटबॉलचा आहे, दोष मात्र दुसऱ्या पारड्याला.

2020च्या घाईत अनेकांनी मुलींचेही संघ कापले आणि प्रकरणं कोर्टात गेली. आयोवाच्या चार जलतरणपटू मुलींनी सप्टेंबरात दावा लावला, डिसेंबरात कोर्टानं संघ बंद करायला मनाई केली, फेब्रुवारी 2021 मध्ये विद्यापीठानं मुलींचं जलतरण कायम ठेवत असल्याचं सांगितलं. पुढे त्याच विद्यापीठानं महिलांची कुस्ती सुरू केली. बिग टेनसारख्या तेव्हाच्या बड्या पाच गटांतलं ते पहिलंच विद्यापीठ ठरलं, आणि 2024 साली त्या मुली राष्ट्रीय विजेत्या झाल्या.

वर्गणी, वकील आणि काळा पोशाख

बाकीचे परतले ते कसे? बोलिंग ग्रीन या ओहायोतल्या विद्यापीठानं मे 2020 मध्ये बेसबॉल बंद केलं. माजी खेळाडूंनी 15 लाख डॉलरची वचनं गोळा केली आणि तीन आठवड्यांच्या आत संघ परत आला. गणेशोत्सवाची वर्गणी जमवणाऱ्याला याचं नवल वाटणार नाही. ज्या खेळाचे माजी विद्यार्थी पैसेवाले झालेत, त्याची वर्गणी पटकन जमते.

स्टॅनफर्डची वर्गणी मोठी होती आणि लढाईही लांबली. मार्च 2021 मध्ये सेंट लुईसला राष्ट्रीय कुस्ती स्पर्धा झाली. 165 पौंड गटात स्टॅनफर्डचा शेन ग्रिफिथ उतरला तो साध्या काळ्या पोशाखात. छातीवर विद्यापीठाचं चिन्ह नाही, नाव नाही. ज्या संघाला विद्यापीठानं सोडलं होतं त्याचा मल्ल अंतिम फेरी जिंकला, आणि प्रेक्षकांतून कुस्ती वाचवा म्हणून घोषणा उठल्या. मे महिन्यात खेळाडूंच्या वतीनं दोन दावे दाखल झाले. 18 मे रोजी स्टॅनफर्डनं अकराही खेळ परत घेतले. कारण दिलं आर्थिक परिस्थिती सुधारल्याचं आणि देणग्यांच्या आश्वासनांचं.

आयोवाचं पुरुषांचं टेनिस, जिम्नॅस्टिक्स आणि जलतरण मात्र गेलं ते गेलंच. 1930च्या दशकात याच विद्यापीठाच्या तलावात प्रशिक्षक डेव्हिड आर्मब्रस्टर आणि त्यांचा विद्यार्थी जॅक सीग यांनी एक नवा प्रकार घडवला होता: दोन्ही हात एकदम पाण्यावरून पुढे फेकायचे आणि पाय जुळवून माशाच्या शेपटीसारखे मारायचे. आज त्याला जगभर बटरफ्लाय म्हणतात. आयोवात तो अजून पोहला जातो, पण फक्त मुलींच्या लेनमध्ये.